बुकिंग आहे का, मॅडम?

८ जून

ताई,

तर सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग? टाकेवाली! मागच्याच आठवड्यात जिनं माझ्या तोंडावर म्हटलं होतं, "आजी, या वयात इंग्रजी? मला बाई मशीनवरून उठायला फुरसत नाही," तीच माझ्याआधी येऊन पहिल्या बाकावर बसलेली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबतेय. मी म्हटलं, "काय गं, इथे कुणाचं माप घ्यायला आलीस?" तर म्हणे, "तुमच्या इंग्रजीचं." सगळा वर्ग हसला. सगळा म्हणजे कोण, तर आमच्या जिन्याखालचा किल्लीवाला, एक गाडी चालवणारे भाऊ आणि एक न्हावी. तो न्हावी बसल्या बसल्या सगळ्यांच्या डोक्यांकडे धंद्याच्या नजरेनं बघत होता.

हो, तुला आधी सांगायला हवं होतं. मी इंग्रजीच्या वर्गाला जाते. वाचनालयाच्या वरच्या खोलीत असतो, मोठ्या माणसांसाठी, अगदी पहिल्यापासून. फोनवर सांगितलं नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि तुझ्या घरातली भिंतसुद्धा मध्ये बोलते. म्हणून हे पत्र. वाच आणि गादीखाली ठेव.

आमचे मास्तर आयुष्यभर एका मोठ्या हॉटेलात काउंटरला होते. आता घरी बसून कंटाळले, म्हणून शिकवतात. खुर्ची दिलीय, पण बसत नाहीत. टेबलामागे ताठ उभे. टेबलावर त्यांची जुनी पितळी घंटी, वरून टिचकी मारली की टिंग वाजते. आम्हाला एकेकाला बाहेर पाठवतात, परत आत यायला लावतात, आणि आत असलेल्यानं म्हणायचं, "गुड मॉर्निंग, वेलकम." आणि त्यांचा एक नियम आहे. बोलण्याआधी समोरच्याचं तोंड बघायचं. दारात उभा असलेला माणूस दमलेला असतो म्हणतात, त्याला आधी बघितलं पाहिजे. न्हाव्यानं डोकं बघितलं तर त्याला दोनदा बाहेर पाठवलं.

आज सकाळी दूधवाल्याला म्हटलं, "वेलकम! हाऊ मे आय हेल्प यू?" म्हणजे तुमच्यासाठी काय करू. बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला. दूध द्यायचंच विसरला.

तुझी,
भिंगरी


१९ जून

भिंगरी,

पत्र मिळालं. गादीखाली ठेवलं, तर सूनबाईनं चादर बदलताना काढून हातात दिलं. एवढं तुझं गुपित.

चौथीच्या बाकावर बसून खिडकीतून चिमण्या मोजणारी तू, तुझं शुद्धलेखन मी लिहून द्यायचे आणि मार मी खायचे, आणि आता तू इंग्रजी शिकणार! माझे गुडघे असे कुरकुरत नसते तर तुझा वर्ग बघायलाच आले असते.

पण एक विचारते, खरं सांग. लेकानं बोलावलंय का तुला तिकडे? माणूस या वयात इंग्रजी उगाच शिकत नाही. आमच्या शेजारणीची बहीण अशीच आधी इंग्रजी शिकली, मग तिचा चष्मा नवा झाला, मग बॅग आली, आणि एक दिवस कळलं की गेली. जाणार असशील तर मला सगळ्यांत शेवटी कळायला नको.

ताई


३० जून

ताई,

तुझी शेजारीण आणि तिची बहीण बाजूला ठेव, आधी माझं ऐक.

रविवारी लेकाचा फोन येतो, तुला माहितीच आहे. मग तो नातीच्या हातात फोन देतो. पोर आठ वर्षांची, आपली भाषा तिला येत नाही, तिच्या आईलाही येत नाही. पण बोलते कशी, गं! चहा गार होईपर्यंत बोलते. मध्येच हसते, मध्येच आवाज बारीक करते, काहीतरी दाखवते, परत पळत जाऊन दुसरं काही आणते. मग मी लेकाला विचारते, "काय म्हणाली रे?" तर तो म्हणतो, "बरी आहे म्हणते."

ताई, मधलं सगळं जातं कुठे? एवढ्या मोठ्या बोलण्याचे दोन शब्द? मी टाकेवालीला तीन मीटर कापड दिलं आणि तिनं मला रुमाल शिवून परत दिला, तर मी गप्प बसेन का?

आणि आता ऑक्टोबरात तिघंही येतायत. मी लगेच आतली खोली झाडायला घेतली. तर लेक म्हणाला, "आई, आम्ही हॉटेलात उतरतोय. तासाभरासाठी तुला भेटायला येऊ. पोरीला तुझ्याकडे करमणार नाही. मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?"

आठवतंय की. कसं विसरेन? तेव्हा ती एवढीशी होती. मी तिला ये म्हटलं, ती आली नाही. तिला कळलं नाही म्हणून मी तेच जरा मोठ्यांदा म्हटलं. मग आणखी मोठ्यांदा. मला आपलं वाटलं, आवाज वाढवला की भाषा समजते! पोर टेबलाखाली जाऊन बसली आणि रडून रडून लाल झाली. त्याच संध्याकाळी त्यांनी बॅगा उचलल्या.

मला काय हवंय, तुला सांगते. पोरीनं एक रात्र माझ्या घरात झोपावं. आणि ती काय बोलते ते मला सगळं ऐकायचंय, मध्ये कुणी न येता. एवढंच.

म्हणून तर वर्ग. पुष्कळ यायला लागलंय, बघ. तुमचं बुकिंग आहे का, तुमचं नाव काय, किती रात्री राहणार, ही तुमची किल्ली, सामान वर पाठवते, हे सगळं न अडखळता म्हणते. परवा मास्तरांनी एक अख्खा दिवस रागावलेल्या माणसाचा घेतला. त्याला अँग्री गेस्ट म्हणतात. समोरचा अँग्री असला की भांडायचं नाही, माझं कसं बरोबर ते सांगायचं नाही. आधी म्हणायचं, "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅडम." मग थांबायचं. मग, "हाऊ मे आय हेल्प यू?" मी म्हटलं, "मास्तर, हे तुम्ही लग्नाआधी शिकवायला हवं होतं." गाडीवाले भाऊ इतके हसले की बाकावरून घसरले.

टाकेवाली अँग्री गेस्ट झाली होती. काय झाली होती! मी खरीच घाबरले.

अगं, दूध उतू चाललंय. थांबते.

भिंगरी


१४ जुलै

भिंगरी,

तुला वाईट वाटेल, पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

तुझं पत्र मी नातवाला दाखवलं. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलतो तो. वाचून पोट धरून हसला. म्हणाला, "मावशीआजी हॉटेलात नोकरीला लागली की काय? अगं आजी, हे सगळं काउंटरवरचं बोलणं आहे. नातीला कुणी मॅडम म्हणतं का? किती रात्री राहणार, असं आजी विचारते का? मी तुला आवडते का, शाळा कशी आहे, भूक लागली का, यातलं एक तरी वाक्य शिकवलंय का तिला?"

मी तुझं पत्र परत वाचलं. नाही शिकवलेलं. तुमचे मास्तर तुम्हाला हॉटेल शिकवतायत, भिंगरे. सून-नातीसमोर तुझं हसं होऊ नये, म्हणून लिहिलं.

आणि मी विचारलं होतं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस, ते माझ्या लक्षात आलंय. दूध तुझं नेमकं तेव्हाच उतू जातं.

ताई


२९ जुलै

ताई,

पत्र मिळालं. वर्ग सोडला. बरी आहे.

भिंगरी


१० ऑगस्ट

भिंगरी,

बरी आहे? तू? जन्मात तू मला एवढं छोटं पत्र लिहिलं नाहीस. लहानपणी मी तापानं फणफणले होते, तेव्हा शेजारच्या खोलीतून तू मला चिठ्ठ्या पाठवायचीस, त्याही पानभर असायच्या. मधलं सगळं गेलं कुठे?

आता माझं ऐक. नातवाला मी झापलं, पण खरं तर त्याला पत्र वाचायला मीच दिलं होतं. मी मुद्दाम दिलं. मला वाटत होतं, तू जाणार. लेकाकडे, कायमची. फोनवर कुणीतरी सांगेल की ती गेली, आणि मी इथे या गुडघ्यांवर बसून राहीन. तुझं इंग्रजी कच्चं निघालं तेव्हा मला बरं वाटलं, बघ. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

जायचं असेल तर जा. पण वर्गाला परत जा. वर्गाचं तू इतकं रंगवून लिहायचीस की मी माझ्या गुडघ्यांचं औषध घ्यायचं विसरायचे.

ताई


२ सप्टेंबर

माझ्या वेड्या ताई,

कुठे जाणार मी? तिकडे जाऊन कुणाशी भांडू? मी नातीशी बोलायला शिकतेय, तिच्या गावाशी नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण ते दूध खरंच उतू गेलं होतं, शेगडी अजून डागाळलेली आहे.

आता मधलं सगळं सांगते.

तुझं ते नातवाच्या हसण्याचं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गाला गेले नाही. दुसऱ्या वेळीही नाही. किल्लीवाल्यानं जिन्यात विचारलं, तर म्हटलं, पाय दुखतोय. कुठला दुखतोय, म्हणाला. मी चुकून दोन्ही पाय दाखवले. मग एका संध्याकाळी दारावर थाप. बघते तर टाकेवाली, किल्लीवाला आणि मागे आमचे मास्तर, इस्त्रीच्या शर्टात, हातात कापडी पिशवी.

मी सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही आम्हाला हॉटेलचंच इंग्रजी शिकवलंत ना?"

टाकेवाली म्हणाली, "अहो आजी, असं काय बोलता तोंडावर!"

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "खरं आहे. मला दुसरं येतच नाही. साहेब लोक आपसात गप्पा मारायचे ते मला कळायचं नाही. मला फक्त काउंटर येतो."

मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "पण आजी, माझ्यासमोर जी माणसं यायची, त्यांतली निम्मी तरी लांबच्या प्रवासानं वैतागलेली, कुणी भांडून आलेलं, कुणाचं मूल रडतंय. कुणाला त्या गावात ओळखीचं माणूस नाही. मी याच चार वाक्यांवर त्यांना आत घ्यायचो. सकाळी तीच माणसं हसत खाली यायची. तुमची नात कुठून येणार आहे? लांबूनच ना?"

"लांबून," मी म्हटलं. "फार लांबून."

मग त्यांनी पिशवीतून घंटी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ती येईपर्यंत इथे राहू दे," म्हणाले. किल्लीवाल्यानं खिशातून एक पितळी बिल्ला काढला, त्यावर एक आकडा कोरलेला. आतल्या खोलीच्या किल्लीला लावायला. टाकेवाली म्हणाली, "मी काही आणलं नाही. पण अँग्री गेस्टची प्रॅक्टिस करायची असली तर मी कधीही येईन."

मी वर्गाला परत जातेय. औषध घे.

भिंगरी


२० ऑक्टोबर

ताई,

पाणी पिऊन बस. मोठं पत्र आहे.

आधी लेक वर आला. मग सूनबाई, हातात फुलं. पोर दाराबाहेरच, आईच्या मागे, हातात एक कान तुटलेलं अस्वल. खाली टॅक्सी थांबवून ठेवलेली, लेक येता येताच म्हणाला, "आई, तासभर हं." मी तिला बघितलं. मास्तर म्हणतात तसं, आधी तोंड बघितलं. घाबरलेली होती गं. तिलाही ते टेबल आठवत असणार.

मी तुझ्या नातवाच्या धाकानं नवी वाक्यं पाठ केली होती, मी तुझी आजी, तुझी शाळा कशी आहे, सगळी. टाकेवालीच्या मुलीकडून लिहून आणली होती. एक आठवेल तर शपथ! तोंड उघडलं, हवा बाहेर. लेक म्हणाला, "आई, आपल्या भाषेत बोल, मी सांगतो तिला." आणि मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच "बरी आहे म्हणते".

हात टेबलावर टेकला तो घंटीवर. टिंग!

आणि आपोआप बाहेर पडलं, "गुड इव्हिनिंग, मॅडम. वेलकम. डू यू हॅव अ बुकिंग?"

लेकानं कपाळाला हात लावला. "आई, हे काय?"

पोरीनं आईच्या मागून डोकं काढलं. घंटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि बारीक आवाजात म्हणाली, "येस."

"नेम, प्लीज?"

तिनं स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अस्वलाला पुढे केलं. अस्वलाच्या नावानं बुकिंग होतं!

"हाऊ मेनी नाइट्स?"

तिनं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग अस्वलाच्या कानात काहीतरी विचारलं. अस्वल म्हणालं, ऑल. म्हणजे सगळ्या! मी किल्ली दिली. तो पितळी बिल्ला तिनं दिव्यासमोर धरून बघितला, आणि माझ्या बाजूनं सरळ आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

लेक नुसता उभा. म्हणाला, "अगं, पण आम्ही? बॅगा, हॉटेल..."

मी घंटी वाजवली. "डू यू हॅव अ बुकिंग, सर?"

"नाही, आई."

"सॉरी, सर. वी आर फुल."

सूनबाई इतकी हसली, ताई, फुलं हातातून पडली. मी तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. तिचे पुढचे दात अगदी तुझ्यासारखे आहेत, थोडे एकमेकांवर चढलेले. टॅक्सी परत पाठवली. त्या रात्री दोघं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपली आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या त्या हॉटेलात गेली. पोर राहिली माझ्याकडे. सगळ्या रात्री.

आणि तक्रारी किती! थोड्या थोड्या वेळानं येऊन टिंग. अस्वलाला उशी टोचते. अस्वलाला खिडकी हवी. मी म्हणायचे, "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅडम, आय विल सेंड समवन." म्हणजे कुणाला तरी पाठवते. मग पदर खोचून मीच उशी घेऊन जायचे, ते "कुणीतरी" मीच! ती दार उघडून मोठ्या ऐटीत थँक यू म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला काउंटरच्या बाहेर काढलं आणि स्वतः स्टुलावर चढून उभी राहिली. आता मी गेस्ट. मीही कमी तक्रारी केल्या नाहीत. माझ्याकडून तिनं "उशी" घेतलं, "चादर" घेतलं, आणि "या, बसा" तर असं म्हणते की किल्लीवाला दोनदा खालून वर आला, नुसतं ऐकायला.

आता खरं सांगायचं ते सांगते.

एका सकाळी दूध आणि टोस्ट खाता खाता ती बोलायला लागली. ते रविवारसारखं लांबलचक. लेक तेवढ्यात हॉटेलातून आला होता, नेहमीप्रमाणे त्यानं सुरुवात केली, "ती म्हणते की..." मी म्हटलं, "तू गप्प बस रे. ती मला सांगतेय."

मी सगळं ऐकलं, ताई. अगदी शेवटपर्यंत. कळलं असेल थोडंसंच. टेबल कळलं, कारण तिनं टेबलाखाली बोट दाखवलं. स्मॉल कळलं. आणि अँग्री कळलं. तो शब्द तर मला झोपेतसुद्धा कळेल. "यू आर अँग्री," असं म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मागच्या वेळचं सांगत होती पोर. मी तिच्यावर रागावले, असं एवढी वर्षं मनात धरून बसली होती. आणि कदाचित हेच ती दर रविवारी फोनवर सांगत असेल, कुणी सांगावं? तिचा बाप मान खाली घालून बसला होता.

मला सांगायचं होतं की नाही गं बाळा, मी रागावले नव्हते, मला वाटलं मोठ्यांदा बोललं की तुला कळेल. एवढं इंग्रजी माझ्याकडे कुठे? आणि मास्तरांनी तर सांगितलंय, माझं कसं बरोबर ते सांगायचंच नाही.

म्हणून मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅडम." मग थांबले. मग, "हाऊ मे आय हेल्प यू?"

तिनं जरा विचार केला. मग तिच्या ताटलीतला अर्धा टोस्ट उचलून माझ्या हातावर ठेवला. आणि अस्वलालाही माझ्या मांडीवर बसवलं.

तुझ्या नातवाला सांग, नातीला मॅडम म्हणतात. आमच्याकडे म्हणतात.

काल निघाली. किल्ली काउंटरवर ठेवली, मी म्हटलं, "थँक यू फॉर स्टेइंग विथ अस." इथपर्यंत मास्तरांनी शिकवलंय. पुढचं तिनंच केलं. परत वळली, घंटी वाजवली, टिंग, आणि म्हणाली, "बुकिंग!" तीच खोली, तीच किल्ली, तीच उशी, न टोचणारी. मी विचारलं, आणि मम्मी-पप्पा? तर म्हणते, "नो. दे हॅव अ हॉटेल." लेक म्हणाला, "आई, आता तूच आमची शिफारस कर." मी म्हटलं, बघू, गर्दी किती असते ते.

संध्याकाळी घंटी परत करायला गेले. मास्तरांनी घेतली नाही. "बुकिंग आहे ना?" म्हणाले. "मग काउंटर बंद करून कसं चालेल?" आणि पाठ फिरवून फळा पुसत बसले, फळ्यावर काही लिहिलेलं नसताना.

तू पोर यायच्या आदल्या दिवशीच ये, शुक्रवारी. गुडघ्यांसाठी किल्लीवाला खुर्ची घेऊन खाली उभा राहील, आणि खिडकीजवळचा पलंग तुझ्या नावानं लावून ठेवते, तुला बुकिंग लागत नाही. बुकिंगची तारीख ठरवायला सूनबाईनं फोनमधलं कॅलेंडर उघडून दाखवलं, पोरीनं बोट ठेवून मोठ्यांदा वाचलं आणि माझ्याकडून आपल्या भाषेत म्हणवून घेतलं: शनिवार, चार एप्रिल, संध्याकाळी.

भिंगरी